पुलावरची खडखड

“उचलून बघा काका. घाबरू नका.”

सयाजीनं आधी लेकीकडं पाहिलं. आरतीनं कडेवरची आपली पोर, श्रेया, दुसऱ्या कडेवर घेतली आणि मान हलवली. मग त्यानं सायकलच्या आडव्या दांडीखाली हात घातला, रोज घालायचा तसाच, खांदा तयार ठेवून. सायकल इतकी सहज वर आली की त्याचाच तोल मागं गेला.

“आयला! ह्याच्यात लोखंड हाय का न्हाई?”

“नाहीच काका. ॲल्युमिनियम आहे. मोटर-बॅटरी धरून चौदा किलो.” ऋषी हसला. मंचरच्या पेठेतलं हे दुकान त्याच्या वडलांचं. वडील पंक्चर काढत बसायचे त्या जागी आता काच होती आणि काचेमागं पुण्याहून मागवलेल्या सायकली. “ह्याला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. खडी, मुरूम, मातीची वाट, कुठंही घाला.”

“मुरूमच हाय आमच्याकडं. दुसरं हाय काय?”

सयाजी पाटबंधारे खात्यात पाटकरी होता. अवसरी बुद्रुकच्या वस्तीवरून सकाळी निघायचं, कालव्याच्या भरावावरून जायचं, शेतांकडं पाणी नेणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडायची-मिटायची, कुठं खेकड्यानं भोक पाडलंय, कुठं पाणी पाझरतंय ते बघायचं आणि संध्याकाळी माघारी यायचं. वाटेत ओढा लागे. ओढ्यावरून कालवा सिमेंटच्या पन्हाळीतून पलीकडं जाई आणि माणसासाठी कडेनं एक अरुंद पट्टी होती, दोन्ही टोकांना पायऱ्या. मोटरसायकल तिथं चढत नाही. सायकल मात्र खांद्यावर घेतली की जाते. सयाजीनं उभी नोकरी ती तशीच नेली. मग उन्हाळ्यात छातीत कळ आली, पुण्याला नेऊन स्प्रिंग बसवावी लागली. चढावर जोर करायचा नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच महिन्यात जुन्या सायकलची फ्रेम पुढच्या सांध्यात तुटली आणि वेल्डिंग धरेना.

“आमी दोघं एकदमच गेलो,” सयाजी म्हणायचा.

साहेब म्हणाले होते, घोडेगावच्या ऑफिसात बसून राहा आता. पण घोडेगावहून एसटीनं घरी पोचायचं म्हणजे अंधार. आणि घरी बायको होती, सरूबाई.

दुकानात आणखी एक बॅटरीची सायकल उभी होती. तिला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, सगळं. सयाजीचा हात पुन्हा पुन्हा तिच्याच सीटवर जात होता.

“ही कशी सायकलीवानी दिसती. ती दुसरी म्हंजे नुसता सांगाडा. शिंगं बघ तिची, एडक्यावानी.”

“दादा, ही पंचवीस किलोची आहे,” आरती म्हणाली. “पायऱ्या डोक्यात धरा. दिवसातनं दोनदा चढायच्या, दोनदा उतरायच्या.”

“काका, एक सांगा,” ऋषीनं विचारलं, “रोज कामाला वापरणार, की हौस म्हणून फिरायला?”

सयाजीनं थोडा विचार केला. “दोन्हीला. जायचं कामाला. अन् संध्याकाळी घरी यायची हौस.”

ऋषीला तो विनोद वाटला. आरतीनं श्रेयाच्या तोंडातली किल्ली काढून घेतली आणि दुसरीकडं बघितलं.

बाहेरच्या गल्लीत सयाजी एक चक्कर मारून आला. पायडल मारताच मागून कुणीतरी अलगद ढकलावं तशी सायकल पुढं सरकत होती. तो परत आला तेव्हा त्याचा श्वास जागच्या जागी होता आणि आरतीला तेवढंच बघायचं होतं.

“आणि आवाज शून्य,” ऋषी म्हणाला. “कोण आलं ते कळणारसुद्धा नाही.”

“आवाज पायजे, भाऊ. दोन्ही अंगाला ऊस हाय. बिबट्याला आधी कळलं पायजे, माणूस यायलाय म्हणून.”

“मग मोबाइलवर गाणी लावायची. सगळे तेच करतात.” ऋषीनं एक बारकी घंटी हँडलला बसवून दिली. तिचा आवाज पूजेतल्या घंटीपेक्षाही नाजूक निघाला.

हलकी सायकल घेतली.

वस्तीवर पहिल्यांदा बघितली ती शेजारच्या चिमाजीनं. तो अंगणात दोरी वळत बसला होता. “सयाजीराव, मडगार्ड इसरले का बसवायला? चिखूल उडंल पाठीवर.”

“नसतंच ह्याला.”

“कॅरिअर?”

“त्येबी नसतं.”

“मग हाय काय? ह्याच्यापरीस म्हैस घेतली असती, तिला शिंगं असून दूध तरी दिलं असतं.”

सयाजी हसत हसत घरात गेला.

सरूबाई दाराकडं पाय करून खाटेवर पडली होती. गेल्या वर्षीच्या झटक्यानं तिची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि हळूहळू ओळखीचं बरंच काही पुसलं गेलं. आरतीला ती कधी ओळखायची, कधी नाही. दिवसभर चिमाजीची सून जया येऊन-जाऊन बघायची, दुपारी दोन घास भरवायची. संध्याकाळचं जेवण सयाजीच्या हातचं. दूधभात कुस्करायचा, मऊ करायचा, चमच्यानं गालाच्या डाव्या बाजूला ठेवायचा. ती त्याच्याकडं बघत सावकाश गिळायची.

रजेचे दिवस तो घरातच होता; आज पहिल्यांदाच दिवसभर बाहेर राहून आला. त्या संध्याकाळी तो समोर बसला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग नजर त्याच्या खांद्यावरून दाराकडं गेली आणि तिथंच राहिली.

“अगं, मी आलोय. नवी सायकल आणली. घे.”

तोंड उघडेना. चमचा ओठावर टेकला की ती मान फिरवायची आणि पुन्हा दाराकडं. डाव्या हाताची बोटं गोधडीची कड चाळवत होती.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी सयाजीनं भातात साखर घातली. मग दूध बदललं. मग जयाला वाटलं तोंड आलं असेल, म्हणून तिनं तूप लावून बघितलं. दुपारचे दोन घास जात होते. संध्याकाळी मात्र सरूबाई ओठ मिटून दाराकडं बघत राहायची आणि अंधार पडला की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सयाजी तिच्या डोळ्यांसमोर बसलेला असायचा. तिच्या लेखी तो अजून यायचाच होता.

आठवडाभरात तिच्या गळ्याची हाडं वर आली. मंचरहून डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, अशा आजारात भूक जाते. नाहीच घेतलं तर नळी घालू नाकातून. सयाजीनं नळी कशी असते ते विचारलं नाही. डॉक्टरांना वाटेला लावून त्यानं पुन्हा दूधभात कुस्करायला घेतला.

रविवारी भंगारवाला वस्तीवर आला. चिमाजीनं हाक मारली, “आरं, ती मोडकी सायकल देऊन टाक त्याला. कोंबड्या बसत्यात तिच्यावर.”

सयाजीनं गोठ्यामागून जुनी सायकल ओढली. पुढचं चाक फिरत नव्हतं, म्हणून हँडल उचलून धरलं आणि मागच्या चाकावर ती अंगणातून नेऊ लागला. मडगार्डची एक दांडी कधीचीच निखळलेली होती. दगडावरून चाक गेलं तशी ती वाजली. खड-खड, खड-खड. आणि मागं कॅरिअरची स्प्रिंग, टण्.

घरातून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

“तात्या!” जया दारात आली. “तात्या, काकूंनी पेला पाडला. बघा की, कशा करायल्यात!”

तो सायकल टाकून आत धावला. सरूबाईनं मान उशीवरून उचलली होती. डावा हात खाटेच्या दांडीवर आपटत होता. डोळे दारावर होते आणि ते डोळे सयाजीनं वर्षभरात बघितले नव्हते. तो दारात दिसताच ती थांबली. त्याच्याकडं बघून तिच्या तोंडाचा डावा कोपरा हलला.

सयाजीनं मागं वळून अंगणात पडलेल्या जुन्या सायकलकडं बघितलं.

तीस वर्षं ती सायकल वस्तीजवळच्या कालव्याच्या पुलावर आली की घराला कळायचं. पुलाच्या फरशा उखडलेल्या, त्यामुळं खडखड तिथं सगळ्यात मोठी व्हायची. पुलापासून अंगणापर्यंत येईस्तोवर सरूबाईच्या चहाला उकळी फुटलेली असायची. आरती लहान असताना त्याच आवाजावर खेळ टाकून पुस्तक उघडायची. बिबट्यानं एका वर्षी चिमाजीचं वासरू गोठ्यातून ओढून नेलं, त्यानंतर तर सरूबाई चारनंतर कामं करायची ती एक कान पुलाकडं ठेवून. बाकी सगळं पुसलं गेलं तरी तो कान राहिला होता.

भंगारवाल्याला चिमाजीच्या फुटक्या बादलीवर वाटेला लावलं.

दुपारभर सयाजी पक्कड आणि तार घेऊन अंगणात बसला. जुनं मडगार्ड त्यानं नव्या सायकलच्या मागच्या चाकावर बांधलं. नव्या सायकलला ते बसवायची जागाच नव्हती. तार रंगात रुतत होती.

“अरं, ओरखडं पडलं की,” चिमाजी म्हणाला. “चार दिवसाची सायकल!”

“पडू दे. तू असं कर, आत वैनीजवळ बस. मी पुलावरनं येतो. ती वळती का बघ.”

चिमाजी आत बसला. सयाजी पुलावर गेला आणि आला.

“न्हाई वळली. अन् खरं सांगू का, मलाबी पटलं न्हाई. ही वाजत न्हाई, ही बोंबलती.”

तार ढिली केली. पुन्हा पूल.

“आता लग्नाचा बँड झालाय.”

“थट्टा सुचती तुला?”

“थट्टा न्हाई, राव. तीस वरीस ऐकलंय मीबी. तुझी खडखड कशी, दोनदा व्हायची, मग दम खायची. त्या दमात काहीतरी टणकायचं.”

सयाजीनं कपाळावर हात मारला. कॅरिअरची स्प्रिंग. मग कॅरिअर आलं. कॅरिअरला आधार म्हणून जुन्या फ्रेमची दांडी आली. खडखडीला भरीवपणा येईना, म्हणून चेनकव्हरचा पत्रा आला. संध्याकाळपर्यंत ती सायकल ना नवी राहिली ना जुनी.

उजेड उतरताना तो शेवटचा पुलावर गेला. चिमाजी आत सरूबाईच्या उशाशी बसला होता, जया पायथ्याशी. चिमाजी नंतर सगळ्यांना सांगायचा, “मला ऐकूच आलं न्हवतं अजून. त्याच्या आधी वैनी वळली.”

सरूबाईनं मान दाराकडं केली. डावा हात वर आला. अंगठा आणि बोट जुळलं आणि हवेत हळूच फिरलं.

“हे काय करायल्यात?” चिमाजीनं विचारलं.

जया बघत राहिली. मग उठली. “गॅसची कळ फिरवत्यात, मामंजी. चहा ठिवत्यात.”

तिनं चहा ठेवला. सयाजी आत आला तेव्हा पातेल्याला उकळी फुटत होती. त्या संध्याकाळी सरूबाईनं बशीभर चहात बुडवलेली भाकरी खाल्ली आणि वर दूधभात. सयाजी भरवत होता आणि मध्येच बाहीनं आपलं नाक पुसत होता.

पुढच्या आठवड्यात आरती सासरहून, राजुरीहून आली. ओसरीला टेकवलेली सायकल बघून तिनं पिशवी खाली ठेवली.

“दादा, हे काय करून ठेवलंय?”

“काय न्हाई गं.”

“काय नाही? चौदा किलोची म्हणून घेतली ना आपण? उचला बरं आता. डॉक्टर काय म्हणाले होते? तिकडं मी रात्रंदिवस जिवाला घोर लावून घ्यायचा आणि तुम्ही इथं भंगार बांधायचं?”

“जरा थांब,” सयाजी म्हणाला. “आयशीजवळ बस. मी येतो पुलावरनं.”

ती रागातच आत गेली. श्रेयाला मांडीवर घेऊन आईच्या पायाशी बसली. आईनं तिला ओळखलं नव्हतं. थोड्या वेळानं लांबून खडखड आली आणि त्या दमात टण्. आरतीचा हात आपोआप पुढं गेला, मांडीवर पुस्तक नसताना. समोर आईचा हात हवेत कळ फिरवत होता. दोघींचे हात असे एकाच वेळी उचललेले, आणि श्रेया एकीकडून दुसरीकडं बघतेय.

सयाजी आत आला. “हं, बोल आता.”

आरतीनं पदरानं डोळे पुसले. “पायऱ्यांवर थांबत थांबत चढा,” एवढंच ती म्हणाली.

तो थांबत चढायचा. ओढ्यापाशी खाली उतरायचा, एक पायरी, मग श्वास, मग दुसरी. सायकल खांद्यावर पहिल्यासारखी रुतायची. पलीकडं उतरून बॅटरी चालू केली की मागून कुणीतरी ढकलायचं आणि उसाच्या दोन भिंतींमधून खडखड पुढं पुढं जायची. पाणी चालू असलं, की शेतकरी बांधावरून ओरडायचे, “पाटकरी, ट्रॅक्टर कवा घेतला?” तो हात करायचा.

पावसाळा असा गेला. दिवाळीही गेली.

थंडी पडल्यावर एका दुपारी तो चारीच्या दारापाशी होता, तेव्हा जयाचा फोन आला. जया नुसती “तात्या” म्हणाली आणि मग फोनवर तिचं रडणं आलं. त्यानं चारीचं दार नीट मिटलं, कुलूप घातलं. पायऱ्या त्या दिवशी तो थांबत चढला नाही.

अंगणात माणसं जमली होती. पुलावर खडखड झाली तशी सगळी बोलायची थांबली. दाराशी बसलेल्या बाया वाट द्यायला उठल्या. चिमाजीनं टॉवेल तोंडाला लावला. स्वयंपाकघरात जया सवयीनं चहा ठेवायला ओट्यापाशी गेली आणि तिथंच ओट्याला धरून उभी राहिली.

सरूबाईचं तोंड दाराकडं होतं. पण ते रोजच असायचं.

तेरावं झालं. आरती पुढं चार दिवस राहिली, बापाची भांडी लावून द्यायला. सयाजी कामावर जायला लागला. सायकल एकदा मंचरला दाखवायला नेली, मागचं चाक घासत होतं.

“काका, हे सगळं काढू का?” ऋषीनं विचारलं. त्यानं पत्रा, तारा, कॅरिअर सगळं वाकून बघितलं. “उगाच ओझं. काढलं की पुन्हा पिसासारखी होईल.”

“ऱ्हाऊ दे.”

“नाही, पण कशाला?”

“बिबट्या हाय आमच्याकडं,” सयाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आरती राजुरीला निघणार होती. आदल्या संध्याकाळी ती श्रेयाला घेऊन ओसरीवर बसली. आत खाट उभी करून भिंतीला लावली होती. सवयीनं तिचा कान पुलाकडं होता. लांब उसातून खडखड येत होती, बारीक, मग मोठी. पुलावर येण्याआधीच ती थांबली. आरती उठून उभी राहिली. काही झालं की काय, म्हणून अंगणाच्या कडेपर्यंत गेली.

सयाजी पुलाच्या तोंडाशी सायकलवरून उतरला होता. एका हातानं हँडल धरून तो सायकल ढकलत आणत होता. वाकून, अवघडून. दुसरा हात मागं मडगार्डवर दाबलेला होता. उखडलेल्या फरशांवरून चाक उतरलं, चढलं. काही वाजलं नाही.

चिमाजी आपल्या अंगणात दोरी वळत होता. त्यानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

आरती बाजूला झाली. सयाजी अंगणात आला. सायकल भिंतीला टेकवली. मग मडगार्डवरचा हात त्यानं हळूच काढून घेतला, एकेक बोट करून, निजलेल्या लेकराच्या पाठीवरून घ्यावा तसा.